टायरवाल्याचे टक्के

लोविट फॉल्समध्ये हिवाळ्यात कुणी आभाळाकडे बघत नाही. बघून कळणार काय? नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत ते भांडी विसळलेल्या पाण्यासारखं असतं, आणि त्यातून बर्फ पडलं तरी तसंच, नाही पडलं तरी तसंच. माणसं बघतात ती एल्डन लामोरोच्या टायरच्या दुकानासमोरच्या पाटीकडे. काळी अक्षरं खाचेत सरकवून मजकूर बदलायची ती जुनी पाटी. उन्हाळ्यात तिच्यावर टायरचे भाव असतात. हिवाळ्यात फक्त एक ओळ: 'उद्या शाळा बंद: ६० टक्के.'

शाळेची पिवळी बस तिथून जाताना मुलं काचेला नाकं लावतात. आकडा मोठा असला की गृहपाठ दप्तरातच झोपतो. रात्री पायजमे उलटे घालायचे, उशीखाली चमचा ठेवायचा, संडासात बर्फाचे खडे टाकून साखळी ओढायची, हे सगळे विधी पाटी बघून ठरतात. साठच्या खाली कुणी चमच्याची तसदी घेत नाही. आणि सुट्टीची हाव फक्त मुलांना असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या शाळेतल्या मास्तरणींच्या गाड्या त्या पाटीपुढे किती हळू होतात ते एकदा बघावं.

एल्डन दिसायला म्हणाल तर अगदीच साधा. पोट पुढे, टोपी मागे, आणि हाताला रबराचा वास. पण हिवाळा लागला की त्याच्या चालण्यात बदल होई. बर्निसच्या खानावळीत सकाळी शिरताना तो दारातच थांबे, नाक वर करून हवेचा वास घेई आणि काही न बोलता मान हलवी. सगळं टेबल त्याच्याकडे वळे.

"काय रे, काय वाटतंय?" कुणीतरी विचारी.

"सरोवर अस्वस्थ आहे," एल्डन म्हणे, आणि कॉफीत साखर घाली.

सरोवर म्हणजे ऑन्टारियो. ते अस्वस्थ असतंच, त्याला दुसरं काही येत नाही. त्याच्यावरून वारा आला की ढगांचा एक पट्टा निघतो, आणि तो पट्टा इतका अरुंद की एका गावात छतं खचतात आणि शेजारच्या गावात माणूस उन्हात उभा राहून ते बघतो. तो पट्टा कुठे पडेल हे टीव्हीवरच्या माणसांना सांगता येत नाही. त्यांच्याकडे उपग्रह आहेत, नकाशे आहेत, दात पांढरे आहेत. तरी नाही. एल्डनला मात्र सांगता येई. वर्षानुवर्षं येई.

टक्क्यांत बोलण्याची सोय अशी, की साठ म्हटलं आणि शाळा बंद झाली तर "मी म्हटलंच होतं," आणि उघडी राहिली तर "चाळीस टक्के उघडी म्हटलं होतं की नाही?" पण खरं बोलायचं तर एल्डनला ही पळवाट फारशी लागत नसे. त्याचा मोठा आकडा चुकतच नसे. आणि मोठा आकडा लागला की बर्फाचे टायर बसवायला दुकानापुढे रांग लागे, हा निव्वळ योगायोग.

या विद्येचं मूळ आता सांगून टाकायला हरकत नाही. गावातल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना ठाऊक करून घ्यायचं नव्हतं.

एल्डनचा साडू क्लीटस मोक हा शाळेच्या बसगाड्यांचा मुख्य होता. पहाटे ट्रक घेऊन सगळे रस्ते फिरायचं आणि अधीक्षकांना सांगायचं की बस जातील किंवा जाणार नाहीत, हे त्याचं काम. जुने अधीक्षक अंथरुणातूनच "बरं" म्हणत. आणि क्लीटसला एकच व्यसन होतं. गोठलेल्या सरोवराला भोक पाडून त्यावर तंबू ठोकायचा आणि आत बसून पर्च मासे धरायचे. मासे गळाला लागायला लागले की क्लीटसला रस्ते फार भयंकर दिसत. मासे रुसले की ढोपरभर बर्फातूनही बस सुखाने जात. तो बायकोला म्हणे, "उद्या लवकर जेवणाचा डबा भर," बायको ते बहिणीला फोनवर सांगे, बहीण म्हणजे एल्डनची वर्ना, आणि वर्ना ते बटाटे सोलता सोलता एल्डनला सांगे. एल्डन शिडी घेऊन पाटीकडे जाई.

थोडक्यात, आमचं गाव इतकी वर्षं हवामानाच्या नावाखाली माशांचा अंदाज वाचत होतं.

सरोवराचं एक बरं असतं, ते आपल्याबद्दल वाईट बोललेलं मनाला लावून घेत नाही. एल्डनचं तसं नव्हतं. हळूहळू त्याला खरंच वाटायला लागलं होतं की हे आपल्या नाकाचं काम आहे. वर्नाने फोनवरून आणलेली बातमी तो ऐके, गंभीरपणे डोळे मिटे, आणि म्हणे, "हो, मलाही तसंच जाणवत होतं."

"तुला बटाटे करपल्याचं जाणवत नाही," वर्ना म्हणे.

वर्ना शाळेच्या मुदपाकखान्यात होती. तीनशे पोरांचं सूप ढवळून आलेल्या बाईकडून कौतुकाची अपेक्षा करू नये, हे एल्डनला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलं नव्हतं.

आता या माणसाला आयुष्यात हवं तरी काय होतं? पैसा बरा होता, पोरगा दूर शहरात सुखी होता. एल्डनला हवा होता मुकुट. फेब्रुवारीत आमची बर्फजत्रा भरते, तिथे दरवर्षी एक हिमराजा होतो. पत्र्याचा मुकुट, लाल झगा, अग्निशामक बंबावरून मिरवणूक, आणि चौकात बर्फ कोरून केलेलं सिंहासन. दात काढणारा राजा झाला होता, प्रेतं पुरणारा राजा झाला होता. एक जण तर नुसता छतावरून घसरून जिवंत राहिला म्हणून राजा झाला होता. एल्डनला दरवर्षी वाटे, यंदा आपणच. दरवर्षी तो ठेवणीतला शर्ट इस्त्री करून ठेवी, आणि दरवर्षी बर्निस दुसऱ्याच कुणाचं तरी नाव वाचे. जत्रेच्या मंडळाची ती अध्यक्ष. तिच्या खानावळीत तिच्याशिवाय कुणाचा आवाज मोठा नसतो.

गेल्या उन्हाळ्यात क्लीटस निवृत्त झाला आणि बायकोला घेऊन फ्लोरिडाला निघून गेला. त्याच महिन्यात जुन्या अधीक्षकांनीही काम सोडलं, आणि त्यांच्या जागी आल्या डॉक्टर हॅलोरन. उंच, शांत, पायात चांगले बूट. त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं की रस्ते आपण स्वतः बघणार.

डिसेंबरात एल्डनचं नाक उघडं पडायला सुरुवात झाली. पाटीवर सत्तर, आणि शाळा भरली. पाटीवर वीस, आणि सकाळी दारं उघडेनात इतकं बर्फ. गस टेबो हा बसचा ड्रायव्हर, आणि खानावळीतल्या टेबलाची जीभ. त्याला दुसरं काय हवं?

"एल्डन, सरोवर अस्वस्थ आहे की तू?"

"हवामान बदलतंय जगभर," एल्डन म्हणाला.

"जगभर नाही रे. फ्लोरिडाला गेलंय ते."

टेबल खदखदलं. एल्डनने कॉफी अर्धी टाकली.

त्याने विद्येचा नवा झरा शोधायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. डॉक्टर हॅलोरन टायर बदलायला आल्या तेव्हा त्याने स्वतः खुर्ची पुसून दिली.

"पहाटे फिरता म्हणे तुम्ही. कुठला रस्ता बघून ठरवता साधारण?"

"सगळे."

"पण मनात काहीतरी आधीच येत असेल ना. आदल्या संध्याकाळी?"

"येतं की. लवकर झोपावं असं येतं."

"मासेमारी वगैरे आवडते का तुम्हाला?"

बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "मिस्टर लामोरो, टायरचे नट घट्ट करा."

जानेवारीअखेर बर्निसने खानावळीत सगळ्यांदेखत विषय काढला. तिच्या हातात कॉफीचं भांडं होतं, म्हणजे कुणी मधे बोलणार नव्हतं.

"हे बघ एल्डन. यंदा मंडळात तुझं नाव आहे. पण लोक म्हणतात, तुझं नाक मेलं. मेलेल्या नाकाला मुकुट कसा द्यायचा? जत्रा शनिवारी आहे. त्या आठवड्यात एक वादळ येतंय म्हणतात. पाटीवर काय लिहायचं ते लिही. बरोबर आलं, तर राजा तू. चुकलं, तर पुन्हा माझ्यापाशी शर्ट इस्त्री करून येऊ नकोस."

"आणि साठ-सत्तर लिहून पळायचं नाही," गस म्हणाला. "बंद की उघडी, ते सांग. मर्दासारखं."

एल्डनने नाक वर केलं. "सांगतो," तो म्हणाला.

वादळाची बातमी बुधवारी पक्की झाली. टीव्हीवरच्या पांढऱ्या दातांनी अख्खा जिल्हा जांभळा रंगवला आणि "या भागात कुठेतरी" असं म्हणून हात झटकले. एल्डन दुपारभर दुकानाच्या मागे उभा राहून वास घेत होता. वास येत होता तो रबराचाच. क्लीटसला फोन करून बघितला, तर तो म्हणाला, "इथे फार ऊन आहे रे, टोपी घ्यायला हवी."

संध्याकाळी तो शिडी आणि अक्षरांचा डबा घेऊन निघाला. वर्ना कामावरून नुकतीच आली होती.

"किती लावतोयस?"

"शंभर."

"शंभर? अरे, शंभर तू जन्मात लावले नाहीस. शंभरला लागणारं दुसरं शून्य तरी आहे का तुझ्याकडे?"

"ओ आहे इंग्रजी. तो लावतो."

"मला उद्या कामावर जायचंय की नाही, तेवढं सांग. सुपाची हाडकं भिजत घालायची की नाही?"

एल्डन क्षणभर बायकोकडे बघत राहिला. ही एकटीच बाई होती जिला खरं सांगता आलं असतं. "नको घालू," तो म्हणाला.

'उद्या शाळा बंद: १०० टक्के.'

आता गावाचं बघा. डिसेंबरपासून ज्या माणसाला टेबलावर सोलून खात होते, त्याने मनासारखं लिहिल्याबरोबर सगळ्यांना त्याच्या नाकाचा मोठेपणा आठवला. "शंभर त्याने कधीच लावले नव्हते," लोक एकमेकांना सांगायला लागले, "काहीतरी कळलं असणार." किराणा दुकानातलं पाव आणि दूध संपलं. आमच्याकडे वादळ येणार म्हटलं की पाव आणि दूध नाहीसं होतं, जणू बर्फात अडकलेला माणूस फक्त फ्रेंच टोस्टवरच जगतो. विज्ञानाच्या मास्तरणीने परीक्षा पुढे ढकलली. गणिताचे मास्तर दुपारीच स्की घेऊन डोंगराकडे गेले. मुलांनी पायजमे उलटे केले, पण सवयीने, श्रद्धेने नव्हे. शंभरला चमच्याची गरज काय?

आणि बसचे ड्रायव्हर. आमच्या शाळेचे ड्रायव्हर म्हणजे सगळे दोन-दोन धंदे करणारे. प्रत्येकाच्या ट्रकला पुढे बर्फ ढकलायचं पातं आहे. शाळा नाही म्हणजे दिवस मोकळा. जिथे बर्फ पडेल तिथली अंगणं साफ करायची. ते सगळे रात्रीच ट्रकमध्ये पेट्रोल भरून तयार होऊन बसले.

सकाळी एल्डनला जाग आली ती डोळ्यांवर ऊन आल्यामुळे. तो तसाच पडून राहिला. फेब्रुवारीत आमच्या गावात ऊन येणं म्हणजे दारात पोलीस येण्यासारखं आहे. काहीतरी चुकलंच असणार.

वर्ना कोट चढवत होती. "पट्टा मार्सडेनवर पडला," ती म्हणाली. मार्सडेन म्हणजे दक्षिणेचं शेजारचं गाव. "तिथे दारं बुजलीत म्हणे. आपल्याकडे तुझ्या टकलाइतकं स्वच्छ आहे. मी चालले. हाडकं न भिजवता सूप कसं करतात ते आज शिकते."

"वर्ना..."

"बोलू नकोस."

एल्डनने कपडे घातले, शिडी उचलली आणि पाटीकडे गेला. लोक उठून बघायच्या आत अक्षरं तरी काढावी. शिडीवर चढला तेव्हा समोर स्वच्छ निळं आभाळ होतं आणि छतांवरून पाणी ठिबकत होतं. त्याने पहिलं शून्य काढलं. मग इंग्रजी ओ काढला. आता पाटीवर एक टक्का उरला होता, आणि खरं सांगायचं तर त्या सकाळी तोही जास्तच होता. मुकुट गेला. टेबल गेलं. यापुढे खानावळीत शिरताना नाक वर केलं तर लोक रुमाल देतील.

इतक्यात खिशातला फोन वाजला. शाळेकडून सगळ्या गावाला एकदम जाणारा तो ध्वनिमुद्रित निरोप. डॉक्टर हॅलोरन यांचा आवाज, नेहमीसारखा शांत, पण आवळलेल्या दातांतून आलेला.

"लोविट फॉल्सच्या सर्व शाळा आज बंद राहतील."

एल्डनने तो निरोप पुन्हा ऐकला. पुन्हा ऐकला. मग खाचेत ओ सरकवला, त्याच्यापुढे शून्य सरकवलं, आणि शिडीवरून उतरल्यावर तो खरोखर पुन्हा पूर्वीच्या चालीने चालायला लागला होता.

खानावळीच्या दारात तो थांबला, पण या वेळी वास घेतला नाही. गरज नव्हती.

"काय रे राजा," बर्निस म्हणाली, "बाहेर ऊन पडलंय आणि शाळा बंद आहे. हे कसं केलंस?"

"मी शाळा म्हटलं होतं," एल्डन म्हणाला. "बर्फ कुठे म्हटलं होतं?"

तेवढ्यात गस टेबो आत आला. अंगावर मार्सडेनचं बर्फ, हातमोजे ओले, चेहरा खूष. "काय धंदा झाला म्हणून सांगू! दवाखान्याचं अंगण, चर्चचं अंगण, तीन..." मग त्याला टेबलाच्या मागे बसलेल्या बाई दिसल्या.

डॉक्टर हॅलोरन चहा पीत होत्या. त्या पहाटेपासून जाग्या होत्या, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

"मिस्टर टेबो," त्या म्हणाल्या, "मी आज सगळे रस्ते फिरले. इतके स्वच्छ रस्ते मी जूनमध्येही बघितले नव्हते. शाळा उघडी म्हणून निरोप पाठवला. मग बसच्या आवारात गेले. सगळ्या बस होत्या. एकही ड्रायव्हर नव्हता. तुम्ही फोन का उचलला नाही?"

गसने टोपी काढली. "पातं खाली होतं बाई. कान टोपीत. आणि... पाटीवर शंभर होते."

"पाटीवर."

"शंभर त्याने कधीच लावले नव्हते."

"शिक्षक निम्मे आले," बाई सगळ्यांकडे बघत म्हणाल्या. "मुलं अकरा आली, ती बहुतेक घरात कटकट नको म्हणून. तेव्हा शाळा बंद करावी लागली. वादळामुळे नाही. तुमच्यामुळे."

एल्डनने कॉफीत साखर घातली. "तरी बंद झाली ना?" तो म्हणाला. नम्रपणे म्हणाला, हे मान्य करायला हवं.

बाई त्याच्याकडे वळल्या. "झाली. आता पुढचं ऐका. बर्फामुळे बंद झाली की तो दिवस माफ असतो, त्यासाठी वेगळे दिवस राखून ठेवलेले असतात. पण माणसं आली नाहीत म्हणून बंद झाली की तो दिवस भरून काढावा लागतो. मी आत्ताच शाळा मंडळाला फोन केला. ईस्टरच्या सुट्टीतला पहिला शुक्रवार आता कामाचा दिवस आहे. सगळ्यांना. न आल्यास पगार कापला जाईल."

ईस्टरच्या त्या शुक्रवारी आमचं अर्धं गाव दक्षिणेला जातं. विमानाची तिकिटं ख्रिसमसलाच काढून ठेवलेली असतात, आणि ती परत घेत नाहीत. गसची तिकिटं होती. विज्ञानाच्या मास्तरणीची होती. पैसे भरून बसलेली माणसं एल्डनकडे बघायला लागली, आणि एल्डन कॉफीकडे.

बाईंनी चहाचे पैसे ठेवले आणि गेल्या. गसच्या तोंडावरची मार्सडेनची सगळी खुशी ओसरली होती.

"मुकुट याला द्यायचा?" तो बर्निसला म्हणाला. "याला? हा नालायक..."

"शब्द दिलाय," बर्निस म्हणाली. तिने भांडं खाली ठेवलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं जे एल्डनने बघायला हवं होतं. "पाटीवर बंद म्हटलं, बंद झाली. मुकुट याचाच. उलट मी म्हणते, यंदा हा राजा आहे म्हणून गावभर सांगा. घरोघरी."

एल्डनचे डोळे पाणावले. त्याला वाटलं, शेवटी गावाला किंमत कळली.

शनिवारी थंडी परत आली. लाल झगा थोडा आखूड होता, पण बंबावर उभं राहिल्यावर ते दिसलं नाही. मिरवणुकीला इतकी गर्दी कुणाच्याच राजवटीत झाली नव्हती. चौकात त्याला बर्फाच्या सिंहासनावर बसवलं, झग्याखाली गार लागू नये म्हणून पोतं घातलं. मग बंबवाल्यांच्या निधीचा डबा पुढे आला. डब्यात नाणं टाकायचं आणि राजाला एक बर्फाचा गोळा मारायचा, हा जत्रेचा जुना खेळ. एरवी पाच-सहा पोरं येतात, हलकेच मारतात, पळून जातात. प्रेतं पुरणाऱ्याला तर भीतीने कुणी मारलाच नव्हता.

एल्डनपुढची रांग चौकातून चर्चपर्यंत गेली होती आणि चर्चला वळसा घालून मागे कुठेतरी दिसेनाशी झाली होती. रांगेत पोरं नव्हतीच म्हणा ना. गस टेबो नोटा घेऊन आला होता, सुटे नकोत म्हणाला. विज्ञानाच्या मास्तरणीने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. डॉक्टर हॅलोरन कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघात चेंडू टाकायच्या, हे गावाला पहिल्यांदाच कळलं, आणि एल्डनला सर्वांत आधी.

मुकुट पहिल्या दहा गोळ्यांतच एका कानावर गेला. झग्याच्या कॉलरमधून बर्फ पाठीवर उतरलं. तरी तो हसत होता, आणि ते हसू खोटं नव्हतं.

"वर्ना!" तो ओरडला. डोळ्यांत बर्फ गेल्यामुळे त्याला नीट दिसत नव्हतं. "वर्ना, फोटो काढ! ही रांग येऊ दे फोटोत! एवढी माणसं कधी कुणासाठी उभी होती का, सांग!"

वर्नाने फ्लोरिडाला बहिणीकडे जायचं तिकीट ख्रिसमसलाच काढलं होतं. ती आता रांगेत तिसरी होती. हातमोजे काढून खिशात ठेवले होते तिने, आणि उघड्या हातांनी गोळा दाबत होती, आणखी दाबत होती.

"काढते रे," ती म्हणाली. "जरा सरळ बस."